फ्यूम हूड खरंच ओढतो आहे का?

ब्लोअरचं बटण दाबलं की आवाज येतो, आणि आवाज आला की फ्यूम हूड चालू झाला असं आपण धरून चालतो. त्या आवाजाच्या भरवशावर नायट्रिक ॲसिड उकळलं जातं, केल्डालचं डायजेशन तासन्‌तास चालतं, ब्रोमीनची बाटली उघडली जाते. पण आवाज मोटरचा असतो. हवा किती ओढली जाते, कुठून ओढली जाते आणि आत गेलेली वाफ परत तोंडावर येते का, यातलं काहीच तो सांगत नाही. पट्टा सैल झालेला ब्लोअर तर जास्तच आवाज करतो.

ज्यांच्या ताब्यात असा एखादा हूड आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. महाविद्यालयातले विभागप्रमुख आणि लॅब असिस्टंट, औषध कंपनीच्या क्यूसी विभागातले केमिस्ट, साखर कारखान्याच्या किंवा माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारे, सगळेच त्यात आले. हूडची वार्षिक तपासणी आणि प्रमाणपत्र हे काम बहुतेक ठिकाणी बाहेरच्या एजन्सीकडे असतं. ते असू द्यावं. पण एजन्सीचा माणूस नेमकं काय करतो आणि काय करायचं राहून जातं, हे हूडच्या मालकाला कळलंच पाहिजे. नाहीतर त्याच्या हाती फक्त एक स्टिकर उरतं.

आधी नाकाबद्दल. 'वास येत नाही, म्हणजे हूड बरोबर ओढतोय' हे वाक्य प्रयोगशाळेत फार ऐकू येतं, आणि ते धोक्याचं आहे. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण प्रमाण सुमारे १०० पीपीएमच्या पुढे गेलं की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे धोका वाढतो तेव्हाच वास नाहीसा होतो. नायट्रिक ॲसिडच्या तांबूस धुराचं वेगळंच आहे. त्या क्षणी थोडा खोकला येतो, माणूस घरी जातो आणि फुप्फुसात पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. म्हणून तपासणी यंत्राने आणि धुराने करायची, नाकाने नाही.

सुरुवात मात्र यंत्राशिवाय करायची. हूडसमोर उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघा. सरकती काच, म्हणजे सॅश, वर-खाली करून पाहा. सोडल्यावर ती आहे तिथे थांबली पाहिजे. तिचं वजन तोलणारी तार आतून झिजलेली, तंतू सुटलेली असेल तर ती काच कधीतरी कोणाच्या तरी मनगटावर पडणार आहे. काच तडकलेली नको. हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं काम होत असेल तर साधी काच हळूहळू धुरकट होते, तिथे पॉलिकार्बोनेटची सॅश लागते. मग आत मागच्या भिंतीकडे पाहा. तिथे बॅफल नावाचा पडदा असतो आणि त्याच्या खाली, मध्ये आणि वर फटी असतात. हवा या फटींतून जाते. रसायनांच्या वाफा बऱ्याचदा हवेपेक्षा जड असतात, त्यामुळे खालची फट फार महत्त्वाची. नेमकी तीच बाटल्यांनी, ओव्हनने किंवा फिल्टर पेपरच्या गठ्ठ्याने बंद झालेली आढळते. पुढच्या कडेला, ओट्याच्या तोंडाशी, खाली फट ठेवून बसवलेली एक गोलसर पट्टी असते. तिला एअरफॉइल म्हणतात. सॅश पूर्ण बंद असतानाही त्या फटीतून थोडी हवा आत जात राहते आणि ओट्याच्या पृष्ठभागावरची वाफ मागे ढकलली जाते. स्वच्छतेच्या नावाखाली त्या पट्टीवर वर्तमानपत्र किंवा शोषक कागद अंथरलेला दिसला तर तो आधी काढा.

आणि हूडचं कपाट झालेलं असेल तर मापन पुढे ढकला. ओळीने ठेवलेल्या ॲसिडच्या बाटल्यांमागून हवेचा प्रवाह कसा जाणार? पण इथे एक बारकावा आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी हूड लखलखीत रिकामा करायचा, दाखला घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी बाटल्या परत आत ठेवायच्या, असं केलं तर दाखला रिकाम्या हूडचा असतो आणि काम भरलेल्या हूडमध्ये होतं. म्हणून दोन्ही मोजा, एकदा रिकामा आणि एकदा नेहमीचं उपकरण जागेवर ठेवून. जगभर वापरली जाणारी अमेरिकी चाचणीपद्धत, ॲश्रे ११०, हाच भेद करते. कारखान्यात तयार झालेला हूड, जागेवर बसवलेला हूड आणि प्रत्यक्ष वापरातला हूड अशा तीन अवस्था ती वेगवेगळ्या मानते. आपल्याकडे विक्रेत्याने दिलेली फाइल बहुधा पहिल्या अवस्थेची असते. फुप्फुसांचा संबंध तिसरीशी येतो.

आता आकड्याकडे वळू. सॅश ठरलेल्या उंचीवर, साधारणपणे ४५ सेंटिमीटरवर, ठेवल्यावर उघड्या तोंडातून हवा किती वेगाने आत जाते, याला फेस व्हेलॉसिटी म्हणतात. सर्वसाधारण कामासाठी ती सेकंदाला ०.४ ते ०.६ मीटर, म्हणजे मिनिटाला ८० ते १२० फूट असावी असा संकेत आहे. कॅलिफोर्नियाच्या नियमात सरासरी किमान १०० फूट आणि कुठल्याही एका बिंदूवर किमान ७० फूट, अशा दोन अटी आहेत. मला ही दुसरी अट जास्त मोलाची वाटते. का, ते उदाहरणाने पाहू.

समजा हूडचं तोंड दीड मीटर रुंद आहे आणि सॅश ४५ सेंटिमीटरवर आहे. या तोंडाचे समान चौकोन पाडायचे, कोणताही चौकोन साधारण एक चौरस फुटापेक्षा मोठा नको. रुंदीत पाच आणि उंचीत दोन असे दहा चौकोन झाले. प्रत्येकाच्या मध्यावर, सॅशच्याच प्रतलात, हॉट वायर ॲनिमोमीटरचा दांडा धरायचा आणि लगेच दिसलेला आकडा न लिहिता किमान दहा सेकंदांची सरासरी घ्यायची. दांडा शक्यतो स्टँडला लावायचा आणि आपण बाजूला उभं राहायचं, कारण आपलं शरीरच प्रवाह अडवतं. समजा वरच्या ओळीत ०.५२, ०.५५, ०.५६, ०.५३, ०.५० आणि खालच्या ओळीत ०.४८, ०.५१, ०.५०, ०.४७, ०.२८ असे आकडे आले. सरासरी ०.४९. कागदावर हूड उत्तम पास. पण उजवीकडचा खालचा कोपरा सरासरीच्या जेमतेम सत्तावन्न टक्क्यांवर आहे. एकेक आकडा सरासरीच्या वीस टक्के वर-खाली असेल तर चालतं. हा त्या मर्यादेच्या पार बाहेर आहे. तिथे आत एखादी मोठी वस्तू असेल, बॅफलची फट तुंबली असेल, नाहीतर बाजूच्या दारातून वारा येत असेल. त्याच कोपऱ्यात बीकर ठेवून काम करणाऱ्याला सरासरी वाचवणार नाही. म्हणून अहवालात नुसती सरासरी लिहून आली तर अहवाल परत पाठवा आणि सगळे बिंदू मागा.

दुसरी गोष्ट सॅशच्या उंचीची. वरच्या उदाहरणात उघड्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.६७५ चौरस मीटर होतं. ०.५ मीटरचा वेग धरला तर सेकंदाला सुमारे ०.३४ घनमीटर हवा जाते. ब्लोअर तोच, हवा तेवढीच, आणि सॅश निम्म्यावर आणली तर वेग दुप्पट दिसेल. सॅश ७५ सेंटिमीटरपर्यंत उचलली तर तो ०.३ वर घसरेल. ज्या हूडमध्ये सॅश खाली आल्यावर वरून बायपास उघडतो तिथे फरक इतका मोठा नसतो, पण असतोच. त्यामुळे ज्या दाखल्यावर सॅशची उंची लिहिलेली नाही, त्यावरचा वेग निरर्थक आहे. वेग कमी भरला म्हणून सॅश जरा खाली ओढून पुन्हा मोजायचं, ही तपासणी नव्हे. खालच्या उंचीवरच हूड पास करायचा असेल तर तसं स्पष्ट लिहा, त्या उंचीवर अडसर बसवा, बाणाचं चिन्ह लावा आणि वापरणाऱ्यांना सांगा. हा प्रामाणिक मार्ग आहे आणि कित्येक जुन्या हूडांसाठी तोच योग्य ठरतो.

वेग जितका जास्त तितकं चांगलं, हा समजही काढून टाकायला हवा. हूडसमोर माणूस उभा असतो, आणि आत धावणारी हवा त्याच्या दोन्ही बाजूंनी वळते. नदीच्या पात्रात पुलाच्या खांबामागे भोवरा पडतो तसा भोवरा त्याच्या छातीसमोर, सॅश आणि शरीर यांच्यामध्ये पडतो. वेग फार वाढवला की हा भोवरा बळावतो, आतली वाफ बाहेर खेचतो आणि ती नेमकी श्वासाच्या उंचीवर येते. शिवाय पावडर उडते, बर्नरची ज्योत हलते, विजेचा खर्च वाढतो. मिनिटाला १५० फुटांच्या पुढचा आकडा कोणी अभिमानाने दाखवला तर त्याला ब्लोअर कमी करायला सांगा.

धूर सोडून पाहणं

मला विचाराल तर संपूर्ण तपासणीत सर्वांत जास्त शिकवणारा भाग हा आहे, आणि नेमका तोच टाळला जातो. ॲनिमोमीटर वेग सांगतो, पण तो आकडा आत जाणाऱ्या हवेचा की गरगरणाऱ्या, हे सांगत नाही. ते डोळ्यांनीच दिसतं.

स्मोक ट्यूब मिळतात. त्यांतल्या काहींत टायटॅनियम टेट्राक्लोराइड असतं. हवेतल्या दमटपणाशी त्याचा संयोग झाला की पांढरा धूर निघतो, पण त्याबरोबर हायड्रोजन क्लोराइडही निघतो, म्हणून तो श्वासात जाऊ देऊ नये आणि नाजूक उपकरणांजवळ वापरू नये. कोमट पाण्यात ड्राय आइसचे तुकडे टाकले तरी काम होतं. ते धुकं थंड आणि जड असल्यामुळे ओट्याच्या पातळीवर काय घडतंय ते छान दिसतं. मोठ्या प्रमाणात धूर हवा असेल तर लग्नाच्या स्टेजवर वापरतात ते फॉग मशीन चालतं. इमारतीत स्मोक डिटेक्टर असतील तर सुरक्षा विभागाला आधी कळवा. उदबत्तीचा धूर रोजच्या झटपट पाहणीला ठीक आहे. मात्र तो गरम असल्यामुळे आपोआप वर चढतो आणि फसवतो. शिवाय ईथर, ॲसिटोन, हेक्झेन यांच्या आसपास उदबत्ती पेटवण्याचा विचारही करू नये. धूर सोडण्याआधी हूडमधली सगळी रसायनं बाजूला काढलेली असावीत.

धूर आधी सॅशच्या खालच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मग दोन्ही बाजूंच्या उभ्या कडा, एअरफॉइलखालची फट आणि ओट्यावर काचेपासून पंधरा सेंटिमीटर आतली रेषा. शेवटी हूडच्या आत, वरच्या भागात, सॅशच्या मागे. तिथे धूर जरा वेळ गोल फिरतो, ते बऱ्याच हूडांत घडतं. पण तो फिरता फिरता सॅशखालून बाहेर डोकावतो का, ते बघायचं. सरळ मागे जाऊन फटींत शिरणारा धूर म्हणजे हूड व्यवस्थित आहे. रेंगाळणारा धूर म्हणजे शंका. बाहेर आलेला धूर, एकदाच आणि चिमूटभर का असेना, म्हणजे नापास, मग वेगाचा आकडा काहीही असो. या बाबतीत मी तडजोड करणार नाही.

हे सगळं रिकाम्या खोलीत करून थांबू नका. एका सहकाऱ्याला ॲप्रन घालून हूडसमोर नेहमीसारखं उभं करा, हात आत घालायला सांगा आणि त्याच्या कोपरांजवळ, छातीसमोर धूर सोडा. मग त्याला हात झटकन बाहेर काढायला सांगा. दुसऱ्या माणसाला मागून चालत जायला सांगा. दार उघडा, बंद करा. जो हूड शांत खोलीत निर्दोष वाटत होता तो यांपैकी एखाद्या हालचालीला धूर बाहेर टाकतो, आणि तो क्षण विद्यार्थ्यांना दाखवला की सॅश खाली ठेवा असं वेगळं सांगावं लागत नाही. फोनवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. पुढच्या वर्षीच्या तपासणीशी ताडून बघायला त्याहून चांगला पुरावा नाही.

दोष बऱ्याचदा खोलीत असतो

सेकंदाला अर्धा मीटर म्हणजे ताशी जेमतेम १.८ किलोमीटर. साधं चालणारा माणूस याच्या दुप्पट वेगाने जातो. हूडचं संरक्षण एवढ्या नाजूक प्रवाहावर उभं आहे, हे लक्षात आलं की डोक्यावरचा पंखा निराळा दिसू लागतो. हूडसमोरून आडवा येणारा वारा फेस व्हेलॉसिटीच्या निम्म्याहून कमी, आणि शक्यतो तीस टक्क्यांच्या आत असावा. म्हणजे ०.५ च्या हूडसाठी ०.१५ च्या आसपास. हूडपासून दोन हातांवर फुल स्पीडमध्ये फिरणाऱ्या सीलिंग फॅनखाली ॲनिमोमीटर धरून बघा, या मर्यादेच्या कितीतरी पट आकडा येईल. पेडेस्टल फॅन आणि हूडकडे तोंड असलेला स्प्लिट एसी तर त्याहून वाईट.

विदर्भातल्या मे महिन्यात पंखा बंद ठेवा हा सल्ला कोणी पाळणार नाही, आणि पाळावा अशी अपेक्षाही योग्य नाही. हूडजवळच्या पंख्याचं बटण वेगळं करून घ्या, तो हूड चालू असताना बंद राहील आणि बाकीचे चालतील अशी सोय करा. एसीच्या झडपा वर, छताकडे वळवा. नवी प्रयोगशाळा होत असेल तर हूड दारापासून, खिडकीपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, कोपऱ्याच्या आतल्या बाजूला मागा. नकाशा कागदावर आहे तोवर हे फुकट होतं.

दुसरा प्रश्न हवेच्या भरपाईचा, आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांत तो सर्वांत दुर्लक्षित आहे. वरच्या उदाहरणातला एक हूड तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा बाहेर फेकतो. सहा बाय पाच मीटरची, तीन मीटर उंचीची खोली ९० घनमीटरची. म्हणजे एकटा हूड साडेचार मिनिटांत खोलीभर हवा काढून टाकतो. तेवढीच हवा कुठून तरी आत आली पाहिजे. पूर्वी ती उघड्या खिडक्यांतून यायची. मग खोलीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसल्या, फटी सिलिकॉनने बुजल्या, भिंतीवर स्प्लिट एसी आला. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, खोलीतलीच थंड करून परत सोडतो. अशा बंद खोलीत हूड उपाशी राहतो. ब्लोअर पूर्वीइतकाच फिरतो, हवा मात्र येत नाही. दार उघडताना जोर लावावा लागणं किंवा हूड चालू केल्यावर बेसिनमधून गटाराचा वास येणं, ही त्याची लक्षणं आहेत. दुसऱ्या लक्षणाचा अर्थ असा की खोली आता ड्रेनेजच्या पाइपातून श्वास घेते आहे.

याची परीक्षा सोपी आहे. खोलीतले सगळे हूड आणि एक्झॉस्ट फॅन एकदम चालू करा, दारं-खिडक्या बंद करा, दहाही बिंदू मोजा. मग खिडकी पूर्ण उघडा आणि वारा हूडवर येत नाही ना हे पाहून पुन्हा मोजा. आकडे ठळकपणे वाढले तर दोष हूडचा नाही. मोठा ब्लोअर बसवायचं कोटेशन त्या क्षणी बाजूला ठेवा, त्याने काही साधणार नाही. खोलीला बाहेरची हवा देणारा वेगळा मार्ग हवा. ही आत येणारी हवा हूड काढतो त्याहून थोडी कमी ठेवायची, म्हणजे प्रयोगशाळेतली हवा व्हरांड्यात न जाता व्हरांड्यातली आत येते. आणि एकाच डक्टवर दोन-तीन हूड जोडलेले असतील तर एकेक चालवून घेतलेला दाखला स्वीकारूच नका.

गच्चीवर जाऊन या

तपासणीचा माणूस गच्चीवर गेला का, हा प्रश्न आवर्जून विचारा. अर्धे दोष तिथेच सापडतात. पण आधी ब्लोअरचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप आणि सूचनेची पाटी लावा, खाली हूड वापरणाऱ्यांना कळवा आणि डक्टला हातमोज्यांशिवाय हात लावू नका. वर्षानुवर्षांचे क्षार आणि रसायनांचे थर त्यात साचलेले असतात.

पहिली गोष्ट, मोटर कुठल्या दिशेने फिरते. थ्री-फेज मोटर रिवाइंडिंग होऊन परत बसवताना दोन फेजची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त बरीच कमी जाते. त्यामुळे खाली कागदाची पट्टी आत ओढली जाते, आवाजही येतो आणि कोणाला संशय येत नाही. ब्लोअरच्या केसिंगवर बाण असतो. स्विच बंद केल्यावर पंखा थांबत येताना शाफ्टची दिशा त्या बाणाशी ताडून बघा. वेग आधीच्या वर्षीपेक्षा एकाएकी उतरला असेल आणि दरम्यान मोटरचं काम झालेलं असेल, तर सर्वांत आधी हेच बघा.

दुसरी गोष्ट, ब्लोअरची जागा. तो डक्टच्या शेवटी, इमारतीबाहेर असला की इमारतीतला सगळा डक्ट ओढीखाली राहतो आणि एखादा सांधा सुटला तरी हवा आत जाते, बाहेर येत नाही. ब्लोअर हूडच्याच डोक्यावर बसवलेला असेल तर पुढचा सगळा डक्ट दाबाखाली असतो आणि प्रत्येक सुटलेला सांधा फॉल्स सीलिंगच्या वर ॲसिडची वाफ सोडतो. अशी रचना लगेच बदलता येत नसेल तर प्रत्येक सांध्याजवळ धूर किंवा साबणाचं पाणी लावून बघणं हा वार्षिक तपासणीचा भाग करा.

कोकणात आणि मुंबईच्या किनाऱ्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड ओढणारा लोखंडी डक्ट आतून ॲसिडने आणि बाहेरून खाऱ्या हवेने खाल्ला जातो. तिथे पॉलिप्रॉपिलीन किंवा एफआरपीच हवं. चिमणीच्या तोंडावर पावसासाठी छत्रीसारखी टोपी बसवलेली असते. ती पाणी अडवते हे खरं, पण वर जाणारा झोतही अडवून खाली गच्चीकडे वळवते. चिमणी छतापासून किमान तीन मीटर उंच असावी आणि हवा सरळ वर, सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने फेकली जावी, अशी शिफारस आहे. पावसाच्या पाण्यासाठी ब्लोअरच्या तळाशी निचऱ्याचं भोक ठेवता येतं. पारव्यांची घरटी, तुटलेले बेल्ट, आत ओढले गेलेले टिश्यू पेपर आणि डक्टच्या सखल भागात साचलेलं पावसाचं पाणी हे सगळं मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा बघावं. वार्षिक मापन मी ऑक्टोबरनंतर ठेवायला सांगतो, कारण चार महिन्यांच्या पावसाने केलेलं नुकसान तेव्हा आकड्यांत उतरतं.

दाखला कसा वाचावा

पूर्ण चाचणीत आणखी एक टप्पा असतो. हूडच्या आत सल्फर हेक्झाफ्लोराइड हा माग काढायचा वायू मिनिटाला चार लिटर या दराने सोडतात, समोर माणसाच्या उंचीचा पुतळा उभा करतात आणि त्याच्या नाकातोंडाशी तो वायू किती येतो ते मोजतात. कारखान्यातल्या चाचणीला ०.०५ पीपीएम आणि जागेवर बसवल्यानंतर किंवा वापरात ०.१ पीपीएम ही अमेरिकेतली मान्य मर्यादा आहे. युरोपातलं ईएन १४१७५ हे मानकही वायू वापरूनच हूड किती कोंडून ठेवतो ते मोजायला सांगतं. चाचणी खर्चिक आहे आणि हा वायू हवामानाला फार घातक आहे, त्यामुळे ती दर वर्षी करण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण नवीन हूड ताब्यात घेताना, किंवा अतिविषारी पदार्थांचं काम सुरू होण्याआधी, खरेदीच्या ऑर्डरमध्येच ती अट घाला. पैसे देऊन झाल्यावर ती कोणी करून देत नाही.

वार्षिक दाखल्यात हूडचा क्रमांक, सॅशची उंची, प्रत्येक बिंदूचा आकडा, धूर चाचणीचं शब्दांत वर्णन, त्या वेळी कोणते हूड, पंखे आणि एसी चालू होते, ॲनिमोमीटरचा क्रमांक आणि त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख, तपासणाऱ्याचं नाव आणि सही एवढं असलंच पाहिजे. आयएसओ १७०२५ ची मान्यता आपल्याकडे आहे म्हणून हूडचंही झालं, असं समजू नका. ते मानक चाचणीच्या निकालाच्या विश्वासार्हतेसाठी आहे, हूडच्या सुरक्षिततेचा दाखला त्यातून मिळत नाही. आणि जो हूड विकतो किंवा दुरुस्त करतो त्यानेच तो पासही करायचा, ही पद्धत शक्य तिथे मोडा. तसं जमत नसेल तर मोजताना प्रयोगशाळेतल्या जबाबदार व्यक्तीने शेजारी उभं राहून आकडे स्वतः लिहून घ्यावेत.

काही गोष्टी कुठल्याच दाखल्यात येत नाहीत. परक्लोरिक ॲसिड तापवायचं असेल तर साध्या हूडमध्ये नाही, मग त्याचा वेग कितीही चांगला असो. त्याची वाफ डक्टमध्ये थिजते, स्फोटक परक्लोरेटचे थर बनतात, आणि वर्षांनंतर पाना लावणाऱ्या फिटरचा जीव जातो. त्याला पाण्याने धुतला जाणारा वेगळा हूड आणि वेगळा डक्ट लागतो. लॅमिनर फ्लो कॅबिनेटमध्ये रसायनांचं काम करू नये. ते नमुना स्वच्छ ठेवण्यासाठी हवा तुमच्याच तोंडावर सोडतं. डक्ट नसलेला, कार्बन फिल्टरचा हूड त्या फिल्टरच्या यादीतल्याच पदार्थांसाठी असतो आणि फिल्टर कधी भरला हे बाहेरून दिसत नाही. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान हूडमध्येच काम करत होत्या. डायमिथाइल मर्क्युरीचे थोडेसे थेंब त्यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर पडले, त्यातून आरपार त्वचेत गेले आणि जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. वाफेपासून हूड वाचवतो, स्पर्शापासून नाही. हातमोजे निवडायचं काम वेगळं आणि तितकंच गंभीर आहे.

हूड नापास झाला तर त्याच दिवशी सॅश खाली करून तिच्यावर 'वापरू नका' ही लाल पाटी, तारीख आणि कारण लिहून लावा. नुसत्या पाटीने भागत नसेल तर आतला वीजपुरवठा आणि गॅस बंद करा, पण ब्लोअर बंद करण्याआधी आतली रसायनं हलवा. दुरुस्ती झाली की पुन्हा पूर्ण मापन आणि पुन्हा धूर. मोटर बदलली, डक्टला नवा हूड जोडला, खोलीत भिंत घातली, एसी बसवला, हूड एका भिंतीवरून दुसरीकडे नेला, यांपैकी काहीही घडलं तर वर्षाची वाट न बघता तपासणी करून घ्या.

दोन वार्षिक तपासण्यांच्या मधल्या काळात रोज सकाळी सॅशच्या खालच्या कडेला चिकटवलेली टिश्यू पेपरची पट्टी आत वळते का ते बघा. ती दिशा सांगते, प्रमाण सांगत नाही, पण बंद पडलेला ब्लोअर लगेच पकडते. प्रवाहदर्शक किंवा अलार्म असेल तर महिन्यातून एकदा सॅश मर्यादेच्या वर उचलून तो खरंच वाजतो का पाहा, आणि वैतागून कोणी त्याची तार काढून ठेवलेली नाही ना, हेही. प्रत्येक हूडपाशी एक वही ठेवा. तिच्यात तारीख, सॅशची उंची, पट्टीची दिशा, अलार्मची स्थिती आणि सही. हूड वापरणारा विद्यार्थी किंवा परिचर 'डोळे चुरचुरले', 'वास आला', 'डोकं दुखलं' म्हणाला तर ते त्याच्याच शब्दांत त्या वहीत उतरवा, आणि त्या दिवशी त्या हूडमध्ये कोणतं काम चालू होतं, तेही.